चेंडू येण्याआधी

गुरुवारची सकाळ. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे या पट्ट्यातला हौशी फुटबॉल रविवारसारखाच गुरुवारीही मैदानावर दिसतो. देहूच्या आसपास एखाद्या मोकळ्या मुरमाड पटांगणावर दोन टोकांना बांबूचे गोलपोस्ट उभे असतात. कुणी रात्रपाळी करून थेट आलेला असतो, कुणी धाकट्या भावाचे बूट घालून. नव्वद मिनिटांचा सामना साठ मिनिटांत उरकायचा असतो, कारण नंतर मैदान क्रिकेटवाल्यांचं असतं.

देहूपासून वीसेक किलोमीटरवर बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले. अशा स्पर्धांत गोलच्या मागे छायाचित्रकारांची रांग बसते आणि एकेका गोलचे शेकडो फोटो निघतात. आपल्या मुरमाड मैदानावर तसं कुणी येत नाही. त्या सामन्याची बातमी छापून येत नाही, चित्रफीत राहत नाही, गुणफलकसुद्धा नसतो. रेषेजवळ उभा असलेला एखादा मित्र, बाप किंवा बहीण जे टिपेल, तेवढंच त्या सामन्याचं मागे उरतं. म्हणून हौशी सामन्याचा फोटो चांगला यावा असं मला मनापासून वाटतं. तो त्या खेळाचा एकमेव कागद असतो.

मी पहिल्यांदा अशा सामन्याला कॅमेरा नेला, तेव्हा सुमारे साडेतीनशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर बहुतेकांत खेळाडूंच्या पाठी होत्या आणि चेंडू चौकटीच्या बाहेर गेलेला होता. कॅमेरा चांगला होता. चूक एवढीच होती, की मी पूर्ण वेळ चेंडूच्या मागे धावत होतो. पुढच्या अनेक सामन्यांत जे शिकलो त्याचं सार एका वाक्यात सांगता येतं: चेंडू जिथे आहे तिथे नाही, तो जिथे येणार आहे तिथे आधी पोहोचायचं. प्रकाश, जागा, शटर, फोकस ही सगळी त्याचीच तयारी.

प्रकाशाचं वेळापत्रक

देहू साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आपण त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. उन्हाळी सुट्टीतल्या स्पर्धांचे दुपारचे सामने मेच्या या काळात होतात, आणि तेव्हा फोटो बिघडतात ते याच कारणाने. प्रकाश सरळ वरून पडतो, कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, प्रकाश तिरपा येतो आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे थंडीत दुपारचा सामनाही टिपता येतो. मेमध्ये आयोजकांना विनंती करून सामना सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर ठेवता आला, तर अर्धं काम तिथेच होतं.

सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्याआधीचा तास-दीड तास सोन्यासारखा. सूर्य पाठीशी घेऊन बसलात तर चेहरे उजळ येतात, जर्सीचे रंग खरे येतात आणि डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका दिसतो. सुरुवातीला हीच बाजू धरा. हात बसला की उलट बाजूला जाऊन पाहा. सूर्य समोर, खेळाडू मधे, आणि स्टडखालून उडालेली मुरमाची धूळ. मागून आलेल्या उन्हात ती धूळ पेटल्यासारखी दिसते. अशा वेळी चेहरे काळे पडू नयेत म्हणून एक्स्पोजर एखाद्या पायरीने वाढवावं लागतं.

व्यवस्थित आखलेलं मैदान बहुधा उत्तर-दक्षिण असतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यांत थेट जात नाही. गावचं मैदान जागा मिळेल तसं असतं. ते पूर्व-पश्चिम असेल, तर संध्याकाळी एका गोलकीपरच्या तोंडावर पूर्ण ऊन असतं. तो डोळ्यांवर हात धरतो, चेंडू उशिरा पाहतो. फोटोसाठी तीच बाजू उजळ, आणि तिथेच घडामोडही जास्त.

सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशोब

हौशी खेळाडूची जोरकस किक सेकंदाला २० मीटर वेगाने जाते असं धरू, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात चेंडू ३३ सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत पांढरा पट्टा दिसतो. १/२५० ला ८ सेंटिमीटर, चेंडू लांबोळा दिसतो. १/१००० ला फक्त २ सेंटिमीटर. तेव्हा चेंडूवरची शिवण, उडालेली माती, जर्सीची सुरकुती सगळं थांबतं. फुटबॉलसाठी १/१००० हे पहिलं सूत्र. लहान मुलांचा खेळ असेल तर १/६४० चालतं, त्याखाली सहसा जाऊ नका.

एवढ्या कमी वेळात पुरेसा प्रकाश आणायचा कसा? छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवलं, तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं ठेवायचं. आयएसओ २०० ला १/२००. आता अ‍ॅपर्चर एफ/१६ वरून एफ/५.६ वर आणलं, म्हणजे तीन पायऱ्या उघडलं, तर शटर १/१६०० होतं. याचा अर्थ कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स उन्हात पूर्ण पुरते. पावसाळी आभाळ दाटलं की त्याच लेन्सला १/१००० साठी आयएसओ ८०० च्या आसपास न्यावा लागतो. ऊन-ढगांची लपाछपी चालू असेल, तर कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर १/१०००, अ‍ॅपर्चर सर्वांत उघडं आणि आयएसओ ऑटोवर सोडा. वरची मर्यादा ६४०० ठेवा. दाणेदार फोटो लोक आवडीने पाहतात, हललेला फोटो कुणी पाहत नाही.

हलवून काढायचा फोटो वेगळा. रेषेला समांतर धावणाऱ्या विंगरबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवत १/६० वर क्लिक करा. चेहरा स्थिर, पाय आणि मागचं जग वाहतं. दहात एक जमतो, पण त्या एकात वेग असतो.

कुठे बसायचं, किती जवळ

सर्वांत जास्त चुका जागेत होतात. बघे मध्यरेषेजवळ उभे राहतात, म्हणून आपणही तिथेच उभे राहतो. तिथून खेळाडू आडवे धावताना, बाजूने दिसतात. गोलरेषेच्या मागे, कॉर्नर आणि गोलपोस्ट यांच्या मधे जाऊन बसा. आक्रमण करणारा संघ तुमच्याकडे तोंड करून येतो. चेहरे, डोळे, ताण, चेंडू, चारही एका चौकटीत येतात. रेषेपासून दोन-तीन मीटर मागे राहा, आणि जाळी नसलेल्या गोलच्या नेमक्या मागे कधीही बसू नका.

लेन्स किती लांबची हवी, याचाही हिशोब करता येतो. क्रॉप सेन्सरच्या सामान्य कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला, कॅमेरा आडवा धरला तर, साधारण २५ ते ३० मीटरवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकट भरतो. पेनल्टी क्षेत्र गोलरेषेपासून साडेसोळा मीटर आत असतं. म्हणजे कॉर्नरजवळ बसलेल्याला २०० मिलिमीटरमध्ये आपल्या बाजूचा जवळजवळ सगळा गोलसमोरचा खेळ सापडतो. हातात फक्त १८-५५ असेल, तर तोच माणूस सात-आठ मीटरवर आल्यावर चौकट भरेल. मग दूरचा खेळ सोडून द्या. कॉर्नर किक, थ्रो-इन, रेषेजवळचं टॅकल, हे सगळं तुमच्या पुढ्यात घडतं आणि त्यासाठी ती लेन्स उत्तम आहे. आपल्या लेन्सची हद्द ओळखून तेवढ्याच हद्दीतला खेळ नीट टिपणारा माणूस, लांबची महाग लेन्स घेऊन सगळीकडे फिरवणाऱ्यापेक्षा जास्त चांगले फोटो घरी आणतो.

आणि खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत मैदानाचा मुरूम दिसतो आणि खेळाडू बुटका होतो. गुडघ्यावर किंवा पाटावर बसून काढला, की तोच खेळाडू आभाळाला टेकतो, उडी दीडपट उंच वाटते.

बसल्याने पार्श्वभूमीही सुटते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये तालमींचे संघ खेळतात, तेव्हा खेळाडूच्या मागे माणसांनी भरलेले सज्जे असतात आणि फोटोला आपोआप जत्रेची भर येते. आपल्या मैदानामागे उभ्या केलेल्या दुचाकी, कंपनीचा पत्रा, विजेचा खांब, वाळत घातलेले कपडे असतात. सामना सुरू होण्याआधी मैदानाला एक फेरी मारा आणि चारही बाजूंनी कॅमेऱ्यातून पाहा. देहूच्या पश्चिमेकडे भंडारा डोंगराची रेघ दिसते. ती मागे येईल अशी जागा सापडली, तर फोटो पाहताक्षणी कळतं की हा सामना इथलाच आहे. दुसरी जागा न सापडल्यास अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, लेन्स पूर्ण लांब करा. मागचं सगळं विरघळतं.

रिंगणातला घोडा आणि डावा विंगर

देहूतून पालखी निघते, आणि वाटेत बेलवाडीला, पुढे इंदापूर, अकलूजला गोल रिंगण होतं. रिंगणाचा फोटो काढणारे खूप आधी जागा धरतात. अश्व कुठून येणार, कुठे वळणार, वारकरी टापांची माती उचलायला कुठे झेपावणार, हे त्यांना ठाऊक असतं. फोकस आधी जागेवर लावलेला असतो आणि घोडा त्या जागेत येतो. फुटबॉलमध्ये अशी आखलेली वाट नसते, पण वाट अजिबात नसते असंही नाही. ती वाचता यावी लागते.

का वाचावी लागते, ते पाहा. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा-चौथा भाग लागतो. तेवढ्यात जोरात मारलेला चेंडू चार-पाच मीटर पुढे जातो. म्हणजे पाय चेंडूला लागलेला दिसल्यावर बटण दाबलं, तर फोटोत चेंडू नसतो. सलग फोटो काढणाऱ्या बर्स्टवरही विसंबता येत नाही. सेकंदाला पाच फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फोटोंच्या मधे तोच चेंडू चार मीटर जातो. हेडर नेमका त्या मधल्या फटीत निसटतो. म्हणून बर्स्ट लांबवू नका. क्षणाच्या किंचित आधी सुरू करा, तीन-चार फोटो घ्या आणि सोडा.

वाट वाचायच्या खुणा खेळाडूच्या अंगावरच असतात. विंगरने मान वर करून गोलकडे पाहिलं, की क्रॉस येणार. तेव्हा कॅमेरा विंगरवरून काढून पेनल्टी क्षेत्रातल्या गर्दीवर न्या. उजव्या पायाचा खेळाडू डावं पाऊल चेंडूशेजारी घट्ट रोवतो, की किक आलीच. गोलकीपर गुडघे वाकवून पुढच्या पंज्यांवर आला, की त्याला फटका दिसलेला आहे. कॉर्नर घेणाऱ्याकडे पाहू नका, जवळच्या पोस्टपाशी एकमेकांना ढकलणाऱ्या चौघांकडे पाहा. पहिली दहा मिनिटं कॅमेरा गळ्यात सोडून नुसता खेळ पाहा. कोण डाव्या पायाचा आहे, कोण नेहमी आत वळतो, कुणाकडे चेंडू परत परत जातो, हे कळलं की उरलेल्या वेळात बोट योग्य जागी थांबतं.

फोकसची मांडणीही याच कामाला लावा. सतत पाठलाग करणारा फोकस निवडा. निकॉन आणि सोनीवर तो एएफ-सी, कॅननवर सर्वो. फोकसचा बिंदू एकच किंवा छोटा गट ठेवा आणि तो खेळाडूच्या छातीवर धरा. संपूर्ण चौकट कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडली, तर तो मागच्या बाकड्यावरचा माणूस पकडतो. जमल्यास फोकस मागच्या एएफ-ऑन बटणावर न्या. अंगठा पाठलाग करतो, तर्जनी क्षण निवडते.

टर्फवरची रात्र

गेल्या काही वर्षांत वाकडपासून मोशी-चाकणपर्यंत जाळीबंद टर्फ उभे राहिले आहेत. दिवसपाळी सुटल्यावर पाच-सहा जणांचे संघ तिथे रात्री खेळतात. इथे तीन अडचणी येतात.

पहिली जाळी. लेन्सचं तोंड जाळीला जवळजवळ टेकवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि खेळ आतल्या बाजूला असताना क्लिक करा. दोर इतका जवळ येतो की फोटोत उरत नाही.

दुसरी प्रकाशाची कमतरता. इथे साधी झूम हरते आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्वस्त लेन्स जिंकते. टर्फ लहान असतो, अंतर कमी असतं, त्यामुळे तिची लांबी पुरते. एफ/१.८ वर, आयएसओ ३२०० धरून १/५०० गाठता येतं का पाहा. फ्लॅश मात्र वापरू नका. तो जाळीवर आपटून परत येतो आणि गोलकीपरच्या डोळ्यांत जातो.

तिसरी दिव्यांची लुकलुक. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यात मधूनच काळा पट्टा. नव्या कॅमेऱ्यांत फ्लिकर टाळण्याची सोय असते, ती चालू करा. ती नसेल तर १/१०० ला पट्टे जातात, पण धावता खेळ हलतो. तेव्हा या वेगात थांबलेले क्षण टिपा: पेनल्टीआधीचा श्वास, गोलनंतरची मिठी. वेगाच्या फोटोंसाठी शटर वरच ठेवा, थोडे जास्त घ्या आणि चांगले निवडा. रात्री रॉ फाइल ठेवलीत, तर पांढरेपणा घरी दुरुस्त करता येतो.

हातात मोबाइलच असेल तर

बहुतेकांच्या हातात तोच असतो, आणि तो कमी नाही. भर उन्हात मोबाइल स्वतःच शटर वेगवान ठेवतो. बोटांनी ताणून झूम करू नका, त्याने फक्त फोटो कापला जातो. फोनला दुपटी-तिपटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नाहीतर जवळ जा. बटण दाबल्यावर काही फोन किंचित थांबतात. आपल्या फोनचा हा उशीर मैदानाबाहेर कुणाला तरी चेंडू उडवायला लावून आधी ओळखून ठेवा. ऊन उतरलं की धावता खेळ सोडा आणि चेहऱ्यांकडे वळा.

चेंडू नसलेले क्षण

गोल झाला, की सगळे कॅमेरे गोल करणाऱ्याकडे वळतात. वळावंच. पण एका सेकंदाने मागेही पाहा. जमिनीवर बसलेला गोलकीपर, कमरेवर हात ठेवलेला बचावपटू, रेषेबाहेर उड्या मारणारा राखीव खेळाडू. मध्यंतरात एकाच बाटलीतून पाणी पिणारे सहा जण. फाटलेल्या बुटाला दोरा गुंडाळणारे हात. मुलींचा सामना असेल, तर पहिल्यांदाच मैदानावर आलेली आई, पदर दातांत धरून पाहणारी. सामन्याचा निकाल काही महिन्यांत विसरला जातो. ही माणसं विसरू नयेत.

मुलांचे फोटो काढण्याआधी प्रशिक्षकांना आणि पालकांना विचारा. कपडे बदलणाऱ्या, रडणाऱ्या, जखमी मुलाचा फोटो काढला तरी तो पसरवू नका. मुलाचं नाव आणि शाळा एकत्र लिहून समाजमाध्यमांवर टाकू नका. देहूरोडची छावणी आणि लष्करी डेपो जवळ आहेत, तेव्हा लष्करी हद्दीला लागून असलेल्या मैदानावर कॅमेरा काढण्याआधी परवानगी घ्या आणि ड्रोनचा विचारही परवानगीशिवाय करू नका.

सामना संपल्यावर

तीनशे फोटो काढले तरी लोकांना तीनशे देऊ नका. वीस-पंचवीस निवडा. निवडताना तीन प्रश्न विचारा: चेहरा दिसतो का, चेंडू दिसतो का, दोघांमधली झुंज दिसते का. तीनपैकी दोन असतील तर फोटो ठेवा. क्षितिज सरळ करा. कापताना घोट्यावर, मनगटावर कापू नका, आणि खेळाडू ज्या दिशेने धावतोय त्या दिशेला मोकळी जागा ठेवा. रंग भडक करू नका, मुरूम मुरमाच्याच रंगाचा राहू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा पोहोचतो. आणि निवडताना मैदानावरच्या प्रत्येकाचा एक तरी फोटो आहे ना, हे मोजा. फॉरवर्डचे दहा असतात, डाव्या बाजूच्या बचावपटूचा एकही नसतो. त्याची उणीव दिसली तर पुढच्या सामन्यात पंधरा मिनिटं फक्त त्याच्यावर ठेवा.

शेवटी चार-सहा फोटो छापून घ्या. फोन बदलतात, ग्रुप बंद पडतात, चार बाय सहाचा कागद घरात राहतो. आणि छापलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेनाने लिहा: तारीख, मैदान, दोन संघ, गोल किती, आणि चौकटीतल्यांची नावं डावीकडून उजवीकडे. ही ओळ कॅमेरा लिहू शकत नाही. ती त्या दिवशी रेषेजवळ बसलेल्यालाच लिहिता येते.